तिकिटाच्या पैशात काय काय येतं?

  सोयाबीन निघालं, कपाशीचे दोन वेचे झाले, तूर अजून शेतात उभी आहे. म्हणजे सहलीचे दिवस आले. गटाच्या बैठकीत हप्ते जमा होतात, व्याजाचा हिशोब होतो, वहीवर सह्या-अंगठे होतात आणि मग कोणीतरी हळूच विचारतं, "मंग यंदा कुठं जाचं?" आता नुसत्या देवदर्शनावर भागत नाही. लेकरांना पाण्याच्या घसरगुंड्या पाहिजेत, उंच पाळणे पाहिजेत. लेकरांचं नाव कशाला घेऊ, आम्हालाही पाहिजेत. लग्नानंतर पाळण्यात बसायला कोणी नेलं होतं आम्हाला?

तर आज बोलायचं आहे ते अशा मौजेच्या बागांबद्दल. त्यांना वॉटर पार्क म्हणा, थीम पार्क म्हणा. बोलणं पाळण्यांचं नाही, तिथल्या झाडूचं आहे. संडासाचं आहे. पाहुण्यांशी कसं वागतात त्याचं आहे. हा विषय रेडिओवर बोलायचा का, असं एक-दोघींनी मला विचारलं. मी म्हटलं, बाई, नाही बोललो तर तो सुटणार कसा?

आधी पैशाचं बोलू. आमच्या ग्रामसंघाच्या सेहेचाळीस बाया-मुली मागच्या वर्षी अशा एका ठिकाणी गेल्या. नाव घेत नाही. तिकीट, गाडीभाडं, जेवण, सगळं धरून माणशी बाराशे रुपये लागले. निंदणाची मजुरी तीनशे रुपये धरली तर हे चार दिवस उन्हात वाकून केलेलं काम झालं. हे पैसे कोणी नवऱ्याला मागितलेले नव्हते. महिन्याला शंभर-शंभर बाजूला ठेवून वर्षभरात जमवले होते. एक दिवस चूल नाही, गोठा नाही, पाणी भरणं नाही, त्याचे ते पैसे.

त्याच जागी आम्ही पाच वर्षांपूर्वीही गेलो होतो. तेव्हा दारावर एक पोरगी उभी होती, ती नमस्कार करायची. लेकराच्या हातातलं आइस्क्रीम पडलं की दोन मिनिटांत कोणीतरी पुसून जायचं. बायांच्या संडासात साबण होता, आतून कडी होती, बादली होती. आजही आमच्यातल्या बाया त्या जागेचं कौतुक करताना पाळण्यांच्या आधी त्या कडीचं नाव घेतात. ज्या बाईनं आयुष्यभर पहाटेच्या अंधाराची वाट पाहिली, तिला कडीची किंमत विचारा.

मागच्या वर्षी दारावर पोरगी नव्हती, लोखंडी फिरतं फाटक होतं. बायांसाठी आठ संडास. त्यांतल्या तिघांना कुलूप, दोघांना कडी नाही, एकाची तोटी कोरडी. म्हणजे धड दोनच. आणि बाया किती? त्या दिवशी शाळांच्याही सहली आलेल्या. पॅड टाकायला डबा नाही, मग ते खिडकीत कोंबलेले, कोपऱ्यात पडलेले. आमच्याबरोबर आलेल्या एका मुलीची पाळी तिथंच सुरू झाली. तिला मध्ये उभी करून चौघींनी ओढण्या धरल्या आणि एका बंद दुकानाच्या मागं आडोसा केला. बाराशे रुपये भरून आडोसा! तो तर गावात फुकट मिळतो.

आमच्या गटातल्या एक आजी पहाटे पाचला घरून निघाल्यापासून पाणी प्यायल्या नव्हत्या. दुपारी त्यांना भोवळ आली. लिंबूपाणी दिलं तर घोटभर घेऊन पेला बाजूला ठेवला. "पानी पेलं का मंग जा लागते," म्हणाल्या. बायांनो, हे आजींचं एकट्याचं गणित नाही. प्रवासाला निघालेली आपल्यातली जवळजवळ प्रत्येक बाई हेच गणित करते. कमी पाणी पिणं आणि लघवी तासन्‌तास धरून ठेवणं यातून लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग, मुतखडा असे त्रास होऊ शकतात. दवाखान्यात मग आपण सांगतो, "उष्णता झाली असंल." उष्णता कशाची? संडास नसण्याची ती उष्णता.

तिथं झाडू घेऊन एक बाई फिरत होत्या. दोन-तीन जणी त्यांच्यावरच तुटून पडल्या. ते मला पटलं नाही. मी त्यांना बाजूला नेऊन विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पयले आमी नऊ जनी होतो बाई, आता तिघीच आहो. ठेकेदार बदलला. साबन मांगतला का म्हन्ते उद्या येते. अन् लोकायची बोलनी आमालेच खा लागते." पुढं हेही म्हणाल्या की दोन महिन्यांची मजुरी अडकली आहे. नऊ बायांचं काम तिघींच्या अंगावर, हातात फिनाइल नाही, खिशात मजुरी नाही. मग खिडकीतले पॅड कोण काढणार?

आता हे असं होतं कसं ते समजून घेऊ, कारण घाण काही एका रात्रीत येत नाही. अशी बाग उभी करायला डोंगराएवढा पैसा लागतो. आपल्या महाराष्ट्रात मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेल वर्ल्ड सुरू झालं, १९९८ साली शेजारीच वॉटर किंगडम. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ सालचं. ते कर्जाच्या ओझ्याखाली आलं आणि २०२२ साली मलपाणी समूहाकडे गेलं. ही नावं मी धंद्याचा पसारा कळावा म्हणून घेते, बोट दाखवायला नाही. धंदा असा की गर्दी सुट्टीत आणि शनिवार-रविवारी, पण बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला. करोनात तर सगळ्यांचीच दारं बंद होती. विजेचं बिल कमी करता येत नाही, पाळण्याची दुरुस्ती टाळली तर जीव जातो. मग काटछाट कुठं होते? झाडूवाल्या बाईवर. साबणावर. दारावर नमस्कार करणाऱ्या पोरीवर. मालकाला वाटतं, हे कोणाला दिसतं? पाळणा तर चालू आहे ना!

अमेरिकेतलं डिस्नेलँड तुम्ही ऐकून असाल, उंदराच्या चित्रांमुळे. सगळ्या जगातल्या अशा बागांची ती आजी म्हणा. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम या गावी ती उघडली, आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. ऊन कडक, नवा डांबर मऊ, त्यात बायांच्या टाचा रुतत होत्या. त्यातून नळकाम करणाऱ्यांचा संप. पिण्याच्या पाण्याचे नळ आणि संडास, दोन्ही वेळेत पुरे होणार नव्हते, एकच काहीतरी निवडायचं होतं. मालक वॉल्ट डिस्ने यांनी संडास निवडले. थंड पेय विकत घेता येईल, पण संडासाच्या बदल्यात दुसरं काय देणार, असा त्यांचा हिशोब. लोक चिडले, वर्तमानपत्रांनी आरोप केला की पेय खपावं म्हणून नळ बंद ठेवले. पाणी द्यायलाच पाहिजे होतं, यात वाद नाही. पण हा निर्णय वाचला तेव्हा मला आमच्या आजी आठवल्या. पुढं त्या बागेनं नाव कमावलं ते स्वच्छतेवर. तिथं आलेल्या माणसाला गिऱ्हाईक म्हणत नाहीत, पाहुणा म्हणतात. झाडणाऱ्या माणसाला नुसतं झाडणं नाही शिकवत, वाट कुठली, संडास कुठं, हेही नीट सांगायला शिकवतात. कारण हरवलेला पाहुणा आधी त्यालाच विचारतो.

पण अमेरिकेला कशाला जायचं? पातूरहून निघालो, बाळापूर ओलांडलं की आलंच शेगाव. श्री गजानन महाराज संस्थानाचं आनंद सागर तुमच्यापैकी बहुतेक जणींनी पाहिलेलं असेल. मध्ये तलाव, बाजूनं झाडं, ध्यानमंदिर, लेकरांची झुकझुक गाडी. मधली काही वर्षं ते बंद होतं, २०२३ साली त्याचा काही भाग पुन्हा उघडला. शेगावच्या मंदिरात काय, भक्तनिवासात काय, कागदाचा कपटा दिसत नाही आणि पांढऱ्या कपड्यातला सेवेकरी तुम्हाला "माउली" म्हणून हाक मारतो. ही शिस्त लावण्यात संस्थानाचे व्यवस्थापकीय विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील यांचा मोठा वाटा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. तिथं गावोगावचे सेवेकरी पाळीपाळीनं येतात, आपली पाळी करतात, घरी जातात. हजारो हात आहेत, म्हणून थकलेला हात झाडू धरत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मात्र इथं एक गोष्ट स्पष्ट बोलते. आमच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "त्या पार्कवाल्या बायायनं शेगावसारखी सेवा कराले पाह्यजे." नाही हो ताई. शेगावला माणूस श्रद्धेनं जातो, स्वतःहून जातो. पार्क हा तिकीट लावून चालवलेला धंदा आहे. तिथं सेवेचं नाव सांगून गरीब बाईकडून फुकट नाही तर अर्ध्या मजुरीत काम काढून घेणं ही लबाडी झाली. तिथं भाव नको, पगार पाहिजे. वेळेवर पाहिजे. हातमोजे पाहिजेत, आठवड्याची सुट्टी पाहिजे. आणि हेही ध्यानात ठेवा, ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी कायद्यानं ज्याच्यासाठी काम चाललं त्या मूळ मालकावर येते. त्या झाडूवाल्या ताईंना आम्ही हे तिथंच सांगितलं. त्यांना ते ठाऊक नव्हतं.

आपला वऱ्हाड तर गाडगेबाबांचा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा जन्म, साल १८७६. गावात पाय ठेवला की आधी झाडू, मग संध्याकाळी कीर्तन. पण बाबांचं नाव आपण झाडूपुरतंच घेतो आणि धर्मशाळा विसरतो. ऋणमोचनला पूर्णा नदीच्या काठावर यात्रेकरू चिखलात घसरत, म्हणून त्यांनी घाट बांधवला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं धर्मशाळा उभ्या केल्या. परगावी आलेल्या गरीब माणसाला पाठ टेकायला स्वच्छ जागा मिळाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. पाहुण्याची बडदास्त म्हणजे हार-तुरे नव्हेत, कोरडी आणि झाडलेली जागा. २० डिसेंबरला त्यांची पुण्यतिथी येते. त्या दिवशी फोटोसाठी हातात झाडू धरण्याआधी आपल्या बसस्टँडवरच्या बायांच्या मुतारीत एकदा डोकावून या, एवढंच म्हणते.

आणि लोकांचंही बोललं पाहिजे. पत्रावळ्या, कुरकुऱ्याच्या पुड्या, थुंकलेला खर्रा, हे काही ठेकेदार आणून टाकत नाही. नवरात्रात आपल्या रेणुकामातेच्या टेकडीवर पायऱ्या चढताना खाली बघून चालावं लागतं. पण बायांनो, डबा नसेल तर पुडी कुठं टाकायची? ज्या जागी दहा पावलांवर डबा असतो, तिथं अडाण्यातला अडाणीही डब्यात टाकतो. आणि जिथं आधीच घाण आहे तिथं शिकलेलाही टाकतो. त्यामुळे "लोकच घाणेरडे" असं मालकानं म्हणावं आणि "मालकच चोर" असं लोकांनी म्हणावं, या भांडणात मला रस नाही. तिकीट ज्यानं घेतलं त्यानं पहिलं उत्तर द्यायचं.

आता थोडं पाण्याचं. हे नीट ऐका, यात लेकरांचा जीव आहे. हौदात उतरण्याआधी काठावर उभं राहून तळ दिसतो का ते पाहा. तळाच्या फरश्या स्पष्ट दिसत नसतील, पाणी गढूळ असेल, तर लेकराला उतरवू नका. अशा पाण्यात बुडालेलं मूल जीवरक्षकालाही दिसत नाही. आणि जीवरक्षक आहे का, तो पाण्याकडे पाहतो आहे का मोबाइलकडे, हेही पाहा. दुसरं म्हणजे तो डोळ्याला झोंबणारा औषधाचा उग्र वास. आपल्याला वाटतं, वास आला म्हणजे पाणी शुद्ध. तसं नाही. पाण्यातलं क्लोरीन घामात, मळात आणि लघवीत मिसळलं की तो वास जास्त उठतो. चांगल्या राखलेल्या पाण्याला इतका वास येत नाही. म्हणूनच उतरण्याआधी अंघोळ करायला सांगतात, ती नुसती रीत नाही. भाड्यानं देतात ते नायलॉनचे कपडे ओले आणि कुबट असतील तर परत करा, दुसरे मागा. गजकर्ण असंच घरी येतं आणि मग सगळ्या घराला लागतं.

आम्ही काय केलं ते सांगते. त्याच दिवशी, तिथंच, सगळ्या सेहेचाळीस जणींच्या सह्या घेऊन व्यवस्थापकाला अर्ज दिला. भांडण केलं नाही. किती संडास, किती बंद, कडी कशाला नाही, डबा कुठं नाही, असं मोजून लिहिलं. बंद दारांचे मोबाइलवर फोटो काढले, आत कोणी असताना नाही. दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. साहेब म्हणाले, पोच कशाला? आमच्या सचिव ताई म्हणाल्या, "बँकेत हप्ता भरला का पावती घेतो ना साहेब, तशीच." तिकिटं फेकली नाहीत, वहीत चिकटवून ठेवली.

हे का सांगते? कारण पैसे देऊन घेतलेली सेवा नीट मिळाली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये तिला सेवेतली त्रुटी म्हणतात. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. एक-नऊ-एक-पाच. तिथं आधी तक्रार नोंदवता येते. तेवढ्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पार्क दुसऱ्या जिल्ह्यात असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे अकोल्याला, तक्रार करता येते. दोन वर्षांच्या आत करायची. पाच लाखांपर्यंतच्या सेवेसाठी तक्रारीची फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आत दुकानावर पाण्याची बंद बाटली छापील किमतीपेक्षा जास्तीनं विकत असतील तर तेही चालत नाही. टेबलावर बसवून वाढणाऱ्या हॉटेलची गोष्ट वेगळी. आणि वाटेत गाडी डिझेलसाठी पेट्रोल पंपावर थांबली की संडास आणि पिण्याचं पाणी तिथं फुकट द्यावं लागतं. कुलूप असेल तर चावी मागा. लाजू नका. मुंबईत २०११ पासून बायांनी मुतारीच्या हक्काची चळवळच चालवली, कारण पुरुषांना फुकट आणि बायांकडून पैसे, असा कारभार होता. त्या शहरातल्या बाया बोलल्या, आपण काहून मुक्या राहायचं?

अर्जाला उत्तर म्हणून पंधरा दिवसांनी फोन आला. पुढच्या वेळी आलात तर तिकिटात वीस टक्के सूट देतो, म्हणाले. बैठकीत यावर चांगलीच खडाजंगी झाली. काही जणी म्हणाल्या, घेऊन टाका, माणशी शे-दीडशे वाचतील. पण ज्या मुलीला ओढण्यांच्या आडोशात उभं राहावं लागलं तिची आई म्हणाली, सूट नको, डबा आणि कडी द्या. शेवटी तेच ठरलं. आम्ही लिहून कळवलं की सूट नको, आधी होत्या तेवढ्या नऊ बाया कामावर घ्या आणि त्यांची थकलेली मजुरी द्या, मग आम्ही पूर्ण तिकीट काढून येतो. आमच्यातल्या दोघी-तिघी तर म्हणाल्या, सफाईचा ठेका गटालाच का देत नाही? ही गंमत नाही. गट खानावळी चालवतात, शाळेचा पोषण आहार शिजवतात, मग हे का नाही? पण घ्यायचा तर मजुरी आणि सामान आधी ठरवून घ्यायचा, नाहीतर तिघींच्या जागी आपल्या तिघी, एवढाच फरक होईल.

त्या पत्राचं उत्तर अजून यायचं आहे. यंदाची जागाही ठरलेली नाही. या वेळी आमच्या दोघी जणी आधी एसटीनं जाऊन येणार आहेत. दोन-तीन ठिकाणं पाहतील, संडास मोजतील, कड्या लावून पाहतील, हौदाचा तळ पाहतील, आणि तिथल्या झाडूवाल्या बाईला विचारतील, "पगार वेळेवर होते का बाई?" त्यांचा प्रवासखर्च ग्रामसंघ देणार. त्या परत आल्या की काय पाहिलं ते याच रेडिओवर येऊन सांगतील. आम्ही दिलेल्या अर्जाची कोरी नक्कल ग्रामसंघाच्या कार्यालयात ठेवली आहे. ज्या गटाला पाहिजे त्यांनी बुधवारी, बाजाराच्या निमित्तानं आलात की घेऊन जा. रामराम.